संगणक नावाची नोकरी

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा शाळेत असेल, तर त्यावर ७७ अंश ४० मिनिटे पूर्व रेखांशाची एक उभी रेघ पेन्सिलने ओढून पाहावी. खाली उमरखेडजवळून ती वर येते, पुसद आणि दिग्रस यांच्या मधून जाते, दारव्ह्याला थोडे उजव्या हाताला ठेवते आणि पुढे अचलपूरच्या बाजूला निघून जाते. १८२० च्या आसपास, हा मुलूख निजामाच्या वऱ्हाडात मोडत असताना, या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने पृथ्वीचा आकार मोजण्याचे काम केले.

हे काम १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने सुरू केले होते. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २४०० किलोमीटरची ही मोजणी ‘ग्रेट आर्क’ या नावाने ओळखली जाते. ती १८४१ मध्ये पुरी झाली. तोपर्यंत लॅम्बटन जगला नाही. १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला तो वारला. वर्धा नदीपलीकडच्या त्या गावात त्याची कबर आहे. त्याच्यामागे हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे या अक्षांशांमधल्या टप्प्याचा वृत्तान्त एव्हरेस्टने १८३० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. यवतमाळ जिल्ह्याचे अक्षांश याच टप्प्यात येतात.

या खात्यात एक हुद्दा होता. त्याचे नाव ‘कॉम्प्युटर’. इंग्रजीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शब्दाचा अर्थ ‘आकडेमोड करणारा माणूस’ असाच होता. वर्गात संगणक शिकवताना आपण बहुधा ‘सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे’ या वाक्याने सुरुवात करतो. मुले वाक्य पाठ करतात आणि यंत्राचे कोडे होते तसेच राहते. येथे आपण संगणकाकडे एक कचेरी म्हणून पाहू. तो इतिहासात कचेरीतूनच आलेला आहे, आणि कचेरीचे काम नववीतल्या मुलालाही समजते.

एक त्रिकोण, मग दुसरा

डोंगर, ओढे, जंगल ओलांडत शेकडो किलोमीटर साखळी टाकून अंतर मोजणे शक्य नव्हते. म्हणून लॅम्बटनने त्रिकोणांची मदत घेतली. सपाट जमिनीवर एकच आधाररेषा अतिशय काळजीपूर्वक मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरची खूण पाहायची आणि थिओडोलाइटने कोन मोजायचे. लॅम्बटनचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. निघालेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. अशी त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत जाते.

एक उदाहरण घेऊ. अ आणि ब या दोन ठाण्यांमधले अंतर १० किलोमीटर आहे. अ पाशी कोन ६० अंश, ब पाशी ७० अंश, आणि टेकडीवरच्या क पाशी ५० अंश. अ ते क हे अंतर किती? साइनच्या नियमाप्रमाणे ते १० गुणिले साइन ७० भागिले साइन ५०. हा गुणाकार-भागाकार हाताने करणे जिकिरीचे असते. लॉगच्या कोष्टकाने त्याची बेरीज-वजाबाकी होते:

१० चा लॉग: १.०००००
साइन ७० चा लॉग मिळवा: –०.०२७०१
साइन ५० चा लॉग वजा करा: –०.११५७५
उत्तर: १.०८८७४

याचा प्रतिलॉग १२.२६७. म्हणजे अ ते क हे अंतर सुमारे १२ किलोमीटर २६७ मीटर.

आता गंमत पाहा. पुढच्या त्रिकोणासाठी १.०८८७४ हा लॉगच पुन्हा वापरायचा आहे. प्रतिलॉग काढण्याचीही गरज नाही. तेव्हा कामाचा क्रम असा लिहिता येतो: आधीच्या बाजूचा लॉग घे, एका कोनाच्या साइनचा लॉग मिळव, दुसऱ्याचा वजा कर, उत्तर लिहून ठेव, त्रिकोण शिल्लक असेल तर तेच उत्तर घेऊन पहिल्या पायरीवर जा, नसेल तर थांब. आजच्या भाषेत हा प्रोग्रॅम झाला. त्यात पुनरावृत्ती आहे, आणि ‘असेल तर, नसेल तर’ असा निर्णयही आहे. हा क्रम पाळणाऱ्याने टेकडी पाहिलेली असण्याची गरज नाही.

प्रत्यक्षात काम याहून बरेच अवघड होते. पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक सेकंद. हवेतून येताना प्रकाश वाकतो. साखळी उन्हात लांबते. जवळ डोंगर असेल तर ओळंबा किंचित त्याच्याकडे ओढला जातो. या प्रत्येक दोषासाठी दुरुस्ती, आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी नवी आकडेमोड. कोन मोजायला लागे त्याहून कितीतरी जास्त वेळ कागदावरच्या कामाला लागे.

राधानाथ सिकदार

१८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा एक विद्यार्थी, वय अवघे अठरा, या खात्यात कॉम्प्युटर म्हणून लागला. पगार दरमहा ३० रुपये. त्याचे नाव राधानाथ सिकदार. त्याचे गणित इतके पक्के होते की एव्हरेस्टने त्याला पुढच्या काळात सहसा दुसऱ्या खात्यात जाऊ दिले नाही. पुढे तो कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य कॉम्प्युटर झाला.

नेपाळात परक्यांना प्रवेश नव्हता, म्हणून हिमालयाच्या शिखरांचे वेध मैदानातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून घेतले गेले. त्यांतल्या ‘पंधराव्या शिखरा’च्या उंचीच्या गणनेत राधानाथांचा प्रमुख वाटा होता. १८५६ मध्ये सर्वेक्षण खात्याचा तेव्हाचा प्रमुख अँड्र्यू वॉ याने ती उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर केली आणि शिखराला एव्हरेस्टचे नाव सुचवले. २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या मदतीने जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. कागद, टाक आणि लॉगची कोष्टके घेऊन बसलेली माणसे नऊ मीटरनी चुकली.

१८५१ मध्ये खात्याने सर्वेक्षणाचे एक मार्गदर्शक पुस्तक छापले. त्यातला गणिताचा महत्त्वाचा भाग राधानाथांचा होता आणि प्रस्तावनेत तसे कृतज्ञतेने नमूद केले होते. राधानाथ १८७० मध्ये वारले. १८७५ च्या आवृत्तीत गणित तसेच राहिले, प्रस्तावनेतले त्यांचे नाव मात्र गेले. त्यावर तेव्हाच्या वृत्तपत्रात टीकाही झाली. आकडेमोड करणारा माणूस कामामागे दिसेनासा होणे हे यंत्र येण्याच्या आधीच सुरू झाले होते.

चूक कोष्टकातली

मानवी संगणकांचे मुख्य हत्यार म्हणजे कोष्टके. कोष्टकात एक अंक चुकला की ती चूक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामात शिरते. फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात प्रोनी याने कोष्टके करण्यासाठी कामाची तीन थरांत वाटणी केली. वर मोजके गणिती सूत्रे ठरवत. मधले लोक त्या सूत्रांची पायऱ्यापायऱ्यांत फोड करत. खालच्या थरातल्या अनेकांना फक्त बेरीज आणि वजाबाकी आली की पुरे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने ही व्यवस्था लक्षपूर्वक पाहिली. १८२१ मध्ये जॉन हर्शेलबरोबर खगोलशास्त्रीय कोष्टके तपासताना त्यांतल्या चुकांनी तो वैतागला होता. तिसऱ्या थराला गणित समजावे लागत नसेल, तर ते काम चाकांनी का करू नये, असा त्याचा विचार होता.

१८३४ पासून तो ज्या ‘अॅनालिटिकल एंजिन’च्या मागे लागला, त्याचे दोन मुख्य भाग होते: संख्या ठेवायचे ‘स्टोअर’ आणि त्यांच्यावर क्रिया करायची ‘मिल’. ही नावे कापडधंद्यातली. कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना ती समजावून सांगायला अडचण पडू नये. गोदामातून कापूस जिनिंगमध्ये येतो, तिथे त्याची रुई आणि सरकी होते, आणि माल पुन्हा गोदामात जातो. कोणता गठ्ठा केव्हा आणायचा हे सांगणारा मुकादम वेगळा. बॅबेजच्या यंत्रात हे मुकादमाचे काम भोके पाडलेली कार्डे करणार होती. ती कल्पना त्याने नक्षीदार कापड विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावरून घेतली. यंत्र पुरे झाले नाही. पण आजच्या संगणकातली स्मृती, अंकगणित विभाग आणि नियंत्रण विभाग ही वाटणी त्या आराखड्यात स्पष्ट दिसते.

मराठी मुलखातही कोष्टके करणारे होते. केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. युरोपात झालेल्या नव्या गणितावरून ग्रहांची स्थाने कशी काढावीत, याची ती तयार पायवाट होती. पंचांग करणाऱ्याने कोष्टक उघडायचे आणि सांगितलेल्या क्रमाने बेरजा-वजाबाक्या करायच्या. आपल्या घराच्या भिंतीवरचे पंचांग हेही अशा गणनेचे फळ आहे.

एव्हरेस्टच्या घरचा जावई

चाकांचे यंत्र विजेचे कसे झाले, हे समजायला पुन्हा एव्हरेस्टच्या घरी जावे लागते. जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी मेरी हिचे लग्न १८५५ मध्ये जॉर्ज बूल या गणितज्ञाशी झाले. मेरी बूल हिने पुढे मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. बूलने १८५४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध करून तर्काचेच बीजगणित मांडले होते. त्यात विधान खरे असेल तर १, खोटे असेल तर ०. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांच्या जागी गणिती क्रिया.

ऐंशी वर्षांहून अधिक काळ हे तर्कशास्त्र विजेपासून दूर राहिले. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेच्या बटणांच्या जोडण्या म्हणजे बूलचे बीजगणितच आहे. एकामागे एक जोडलेली दोन बटणे म्हणजे ‘आणि’: दोन्ही दाबली तरच दिवा लागतो. शेजारी शेजारी जोडलेली दोन बटणे म्हणजे ‘किंवा’. जिन्यात खाली एक आणि वर एक बटण असते. त्याची जोडणी अशी करता येते, की दोन्ही बटणे सारख्या स्थितीत असली तर दिवा बंद आणि वेगळ्या स्थितीत असली तर चालू. हा झाला ‘दोहोंपैकी नेमके एक’.

आता फक्त ० आणि १ हे अंक वापरून बेरीज करू. ० आणि ० मिळून ०. १ आणि ० मिळून १. १ आणि १ मिळून दोन होतात. पण दोनसाठी अंकच नाही, म्हणून ० लिहून हातचा १. नीट पाहिले तर लिहायचा अंक जिन्यातल्या दिव्यासारखा वागतो आणि हातचा ‘आणि’च्या जोडणीसारखा. याचा अर्थ, बटणांच्या दोन जोडण्यांनी एका घराची बेरीज होते. खालून आलेला हातचाही मिळवायची सोय केली आणि अशा जोडण्यांची रांग मांडली, की कितीही मोठ्या संख्यांची बेरीज करणारे यंत्र तयार होते. बटणे बोटांनी न दाबता विजेनेच दाबायची, एवढेच उरते. हे काम आधी रिलेंनी केले, मग रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हनी, मग ट्रान्झिस्टरांनी.

मुंबईचा टिफ्रॅक

१९४५ मध्ये जॉन व्हॉन नॉयमन याच्या नावाने निघालेल्या एका अहवालात आणखी एक महत्त्वाचा विचार होता: ज्या स्मृतीत संख्या ठेवायच्या, त्याच स्मृतीत सूचनाही संख्यांच्या रूपात ठेवाव्यात. मग काम बदलण्यासाठी यंत्राच्या तारा बदलायला नकोत. नव्या सूचना भरल्या की झाले.

याच धर्तीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारताने एक संगणक स्वतः घडवला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनहून एक संगणक आलेला होता. मुंबईतल्या गटाने तो येथेच बांधायचे ठरवले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या या तरुणांपैकी बहुतेकांनी तोवर संगणक पाहिलेलाही नव्हता. आधी एक प्रायोगिक यंत्र झाले, ते १९५६ च्या अखेरीस चालू लागले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागले आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती होती. कडी एका दिशेने चुंबकित केली तर ०, उलट दिशेने केली तर १. प्रत्येकी ४० अंकांच्या २०४८ ओळी त्यात मावत.

म्हणजे एकूण ८१,९२० शून्ये-एके. हे किती, ते कळायला अक्षरांकडे वळू. संगणकाच्या कचेरीत फक्त संख्या चालतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. युनिकोड या आज रूढ असलेल्या पद्धतीत ‘यवतमाळ’ हा शब्द असा लिहिला जातो: य २३५१, व २३५७, त २३४०, म २३५०, काना २३६६, ळ २३५५. आपण पाच अक्षरे मोजतो, यंत्र सहा खुणा मोजते, कारण काना त्याच्या लेखी वेगळा. ‘य’चा २३५१ हा क्रमांक शून्य-एकांत १००१००१०१११ असा, आणि त्याच्या शेवटी आणखी एक १. आजच्या सर्वांत प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीची एक खूण २४ शून्ये-एके व्यापते. त्या हिशोबाने टिफ्रॅकच्या सगळ्या स्मृतीत सुमारे ३,४०० खुणा, म्हणजे या लेखाचा साधारण चतुर्थांश मावला असता. चित्र, आवाज, सातबाराचा उतारा, सगळ्यांची गोष्ट हीच: आधी संख्या करायची, मग कचेरीत पाठवायची.

वर्गातली कचेरी

हे सारे समजायला शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. वीज नसतानाही पुढचा प्रयोग होतो. पाच विद्यार्थी घ्या. एक भांडारी, त्याच्याकडे १ ते ७ क्रमांकांची सात पाकिटे. एक बेरीज-वजाबाकी करणारा. एक नियंत्रक, जो पाकिटातली सूचना वाचून दाखवतो. एक जण बाहेरून संख्या आणून देणारा आणि एक फळ्यावर उत्तर लिहिणारा. पाकीट १ मध्ये ०, पाकीट २ मध्ये ७ आणि पाकीट ३ मध्ये ५ अशा चिठ्ठ्या ठेवा. उरलेल्या पाकिटांत या सूचना:

पाकीट ४: पाकीट १ आणि २ मधल्या संख्यांची बेरीज करून ती पाकीट १ मध्ये ठेव. पाकीट २ मधली चिठ्ठी तशीच राहू दे.
पाकीट ५: पाकीट ३ मधल्या संख्येतून १ वजा करून उत्तर तिथेच ठेव.
पाकीट ६: पाकीट ३ मध्ये ० नसेल तर पाकीट ४ कडे जा.
पाकीट ७: पाकीट १ मधली संख्या फळ्यावर लिहून थांब.

नियंत्रकाने पाकीट ४ पासून सुरुवात करावी. सूचना आणायची, वाचायची, पाळायची आणि पुढच्या पाकिटाकडे जायचे, एवढेच त्याचे काम. खरा संगणक हेच करतो, फक्त सेकंदाला कोट्यवधी वेळा.

फळ्यावर ३५ येईल. मग वर्गाला विचारावे: सात पाचे पस्तीस कोणी केले? बेरीज करणाऱ्याने फक्त बेरीज-वजाबाकी केली. भांडाऱ्याने चिठ्ठ्या ठेवल्या. नियंत्रकाने वाचून दाखवले. पाचांपैकी एकानेही गुणाकार केलेला नाही, तरी गुणाकार झाला. तो सूचनांच्या क्रमात होता, आणि क्रम लिहिणारा या पाच जणांत नाही.

मग पाकीट ३ मध्ये ५ ऐवजी ० ठेवून खेळ पुन्हा लावा. सात गुणिले शून्य, उत्तर शून्य यायला हवे. पण पहिल्याच फेरीत पाकीट ३ मध्ये उणे १ येतो, मग उणे २, उणे ३. कचेरी थांबतच नाही. पाचही जण आपापले काम अचूक करत असतात. चूक सूचना लिहिणाऱ्याची आहे, आणि कचेरीतल्या कोणालाही ती चूक आहे हे कळण्याचे साधन नाही. सूचनांत कोणता बदल केला म्हणजे शून्यालाही उत्तर बरोबर येईल, हे मुलांना शोधू द्यावे. तेवढ्या एका तासिकेत प्रोग्रॅमिंगची खरी सुरुवात होते.

आज शिधापत्रिका, पीकविमा, परीक्षेचा निकाल अशा अनेक गोष्टी कुठल्या तरी संगणकाच्या हिशोबातून येतात आणि ‘संगणकात तसेच दाखवत आहे’ हे उत्तर ऐकून माणूस खिडकीवरून परत फिरतो. पाकिटांचा खेळ खेळलेला विद्यार्थी तिथे दोन प्रश्न विचारू शकेल: पाकिटांत संख्या कोणी भरल्या, आणि सूचना कोणी लिहिल्या? दोन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून माणसाचेच नाव यावे लागते. खेळ संपल्यावर फळ्यावर ३५ च्या खाली सूचना लिहिणाऱ्याचे नाव लिहायला मुलांना सांगावे. राधानाथांच्या पुस्तकातून जे खोडले गेले, ते निदान आपल्या वर्गात शिल्लक राहील.